कौशल्याबाईंची एअर रायफल

"मुलासाठी पाहिजे का? किती वर्षांचा आहे?" काउंटरची काच पुसता पुसता दुकानदाराने विचारलं.

"माझ्यासाठी," कौशल्याबाई म्हणाल्या.

फडकं थांबलं. दुकानदाराने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्यामागे उभ्या असलेल्या ज्ञानदेवांकडे. ज्ञानदेव भिंतीवरच्या सांबराच्या शिंगांकडे बघत होते. बायकोबरोबर बंदुकीच्या दुकानात आलेल्या नवऱ्याने नेमकं कुठे बघायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"माकडांचा त्रास आहे का, ताई?"

"नाही हो. कागदावर नेम धरायचाय. स्प्रिंगची दाखवा, नळी मोडून भरायची असते ती. बजेट फार नाही, पण तकलादूही नको."

अल्लाबक्ष यांचं हे दुकान पुण्याच्या कँपात होतं. त्यांच्या वडिलांच्या काळात इथे शिकारीच्या बंदुका दुरुस्तीला यायच्या. आता शोकेसचा अर्धा भाग टॉर्च आणि सुऱ्यांनी भरला होता. त्यांनी मागच्या कपाटातून दोन रायफली काढल्या आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. एक हलकी आणि चकचकीत पॉलिशची. दुसरी काळपट, जड, साध्या लाकडी दस्त्याची.

कौशल्याबाईंनी आधी हलकी उचलली. नळी बंदच ठेवून ती धरून हलवली. सांध्यापाशी बारीकसा खट आवाज झाला. मग जड हलवली. तिच्यातून काहीच आवाज आला नाही. त्यांनी ती खांद्याला लावली, दस्त्यावर गाल टेकवला आणि पुढची माशी मागच्या खाचेत आणून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची एक तारीख धरली. ज्ञानदेवांनी शिंगांवरची नजर काढून बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला असं उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं. पाय कसे ठेवले होते, डावं कोपर कमरेच्या हाडावर कसं टेकवलं होतं, ती सगळी उभी राहण्याची रीतच वेगळी होती.

"नेमबाजी केलीये वाटतं," अल्लाबक्ष म्हणाले.

"कॉलेजात. एनसीसीत."

मग त्यांनी नळी मोडायला डावा हात पुढे केला. नळी जेमतेम बोटभर खाली आली आणि खांद्यातून कोपरापर्यंत कळ गेली. त्यांनी ओठ मिटून पुन्हा जोर लावला. नळी जागच्या जागी राहिली.

"खांदा आखडलाय," त्या म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं.

"मग हलकी घ्या. हिची स्प्रिंग नरम आहे," असं म्हणून अल्लाबक्ष जरा थांबले. "पण खरं सांगू का, महिन्याभरात हिची नळी ढिली पडणार. मग नेम तुमचा चुकला की बंदुकीचा, तेच कळणार नाही. ही जड वर्षानुवर्षं चालेल."

"तेच म्हणते मी. घ्यायची तर हीच घ्यायची." कौशल्याबाईंनी जड रायफल हलकेच काउंटरवर ठेवली. "राहू द्या मग. फार उशीर केला आम्ही."

त्या पर्स उचलून निघाल्या. दारापर्यंत पोचल्या, तेव्हा मागून ज्ञानदेवांचा आवाज आला.

"मी देत जाईन मोडून."

त्या वळल्या.

"नळी," ज्ञानदेव म्हणाले. "मी मोडून, छर्रा घालून देत जाईन. तू नुसती मार. तसाही रिटायर माणूस, घरी बसून दुसरं काय मोडणार आहे?"

*

कौशल्याबाईंचा खांदा टेलिफोनने खाल्ला होता. हडपसरच्या एका कारखान्यात त्या ऑपरेटर होत्या. समोर बोर्ड, उजव्या हातात पेन्सिल आणि डाव्या खांद्यात दाबलेला रिसीव्हर. साहेबांना मुंबई लावून दे, स्टोअर्सला फाउंड्री जोडून दे, असे दिवस गेले. कारखान्यातल्या प्रत्येकाला त्यांचा आवाज माहीत होता, चेहरा फारसा कुणाला माहीत नव्हता. पुढे बाहेरच्या कंपन्या आल्या, कारखान्याने भागीदारी केली आणि टेलिफोनचा सगळा कारभार एका छोट्या यंत्रावर गेला. ज्याचा फोन तोच उचलू लागला. कौशल्याबाईंना आधी आवक-जावक विभागात बसवलं, मग स्वेच्छानिवृत्ती दिली. ज्ञानदेवही त्याच सुमारास बँकेतून बाहेर पडले. दोघांच्या पैशांतून नारायण पेठेतली भाड्याची जागा सुटली आणि मांजरी गावात उसाच्या शेतांना लागून नव्याने झालेल्या इमारतीत फ्लॅट आला. मुलगी उत्कर्षा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये होती आणि नवऱ्याबरोबर तिकडेच राहायची.

कॉलेजात असताना कौशल्याची राज्याच्या नेमबाजी शिबिरासाठी निवड झाली होती. त्याच आठवड्यात ज्ञानदेवांकडची मंडळी तिला बघायला येणार होती. शिबिर पुढच्या वर्षीही असतं, असं वडील म्हणाले. पुढच्या वर्षी ती नारायण पेठेत होती.

लग्नानंतर तिने एकदाच विषय काढला होता. एक एअर गन घेऊ या का, परवाना लागत नाही, पाठीमागच्या बोळात रविवारचं मारत जाईन. ज्ञानदेव आधी नुसते बघत राहिले आणि मग मोठ्याने हसले. तिथेच संपलं असतं तरी चाललं असतं. पण तो विनोद त्यांना फार आवडला. घरी पाहुणे आले की चहा येताच ते म्हणायचे, "जपून बोला हं. आमच्या हिला बंदूक हवीय." पाहुणे हसायचे. कौशल्याबाईही हसायच्या आणि रिकामे कप उचलून आत न्यायच्या. विनोद जुना झाल्यावर बंद पडला. बंदुकीची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

आता निघाली ती उत्कर्षामुळे. आईच्या निवृत्तीनंतर तिने फोनवर विचारलं, "आई, आता तुला स्वतःसाठी काय घ्यायचंय? प्लीज, मिक्सर म्हणू नकोस." कौशल्याबाईंच्या तोंडून पटकन निघून गेलं. पलीकडून आलं, "आई, सिरियसली? गन?" आणि मग, "वॉव. घे ना मग! मी देते पैसे."

"तुझे नकोत. माझ्या पैशांतून बसेल तेवढीच घेईन."

*

इमारतीची गच्ची त्यांना मिळाली, पण सोसायटीच्या सेक्रेटरींनी अट घातली: तोंड उसाकडे नाही, पाण्याच्या टाकीकडे नाही आणि त्यांच्या स्वतःच्या फ्लॅटकडे तर अजिबात नाही. उरली लिफ्टच्या खोलीची बिनखिडकीची भिंत. तिच्यापुढे ज्ञानदेवांनी लाकडी खोकं ठेवलं, त्यात जुन्या गोधड्या आणि रद्दी ठासून भरली, वर कागद टाचला.

रोज सकाळी उन्हं चढायच्या आत दोघं वर जायची. ज्ञानदेव स्टुलावर बसून दस्ता मांडीवर टेकवायचे, नळी खाली ओढायचे, छर्रा बसवायचे, नळी मिटायचे आणि रायफल दोन्ही हातांवर आडवी धरून बायकोकडे द्यायचे. सुरुवातीला त्यांच्या तळहातांना फोड आले. ते म्हणाले, "बँकेत इतकी वर्षं काढली, फोड आले नाहीत. आता लोकांना वाटेल मी काम केलं."

पहिले काही दिवस छर्रे कागदभर विखुरले. मग कौशल्याबाईंच्या लक्षात आलं, की स्प्रिंगची रायफल आवळून धरली की उसळते. हातावर सैल ठेवायला हवी. हळूहळू भोकं काळ्या वर्तुळात यायला लागली. मग वर्तुळाच्या आत एकमेकांना चिकटायला लागली. ज्ञानदेव कागद काढून उन्हात धरायचे आणि नवा लावायचे.

एके सकाळी नळी ओढता ओढता ते म्हणाले, "तेव्हाच घेतली असती, तर स्वतः मोडली असतीस."

"तेव्हा तुम्ही हसलात."

"हो." त्यांनी छर्रा बसवला. "आणि गावभर सांगत सुटलो."

"गावभर नाही. चहाबरोबर फक्त."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ज्ञानदेवांना जास्त लागलं. नळी मिटायची राहून गेली. कौशल्याबाई हात पुढे करून उभ्या होत्या. "द्या ना," त्या म्हणाल्या. "ऊन चढतंय."

*

पुण्यातल्या एका रायफल क्लबने पन्नाशीपुढच्या बायकांसाठी स्पर्धा ठेवल्याची बातमी उत्कर्षानेच कळवली. देशी बनावटीच्या स्प्रिंग रायफली, साधी माशी, दहा मीटर. तिने नावही परस्पर देऊन टाकलं. नळी दुसऱ्याने मोडून दिली तर चालेल का, हे आधी विचारायला हवं होतं. कौशल्याबाईंनी फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवला. क्लबवाले नाही म्हणाले असते, तर जाताच आलं नसतं.

रेंजवर रांगेने टेबलं मांडली होती. मागे दोरी बांधलेली, दोरीपलीकडे घरच्यांसाठी खुर्च्या. ज्ञानदेव सवयीने त्यांच्याबरोबर टेबलापर्यंत आले. तेवढ्यात पंचांच्या जॅकेटमधली एक तरुण मुलगी पुढे आली. तिच्या छातीवर नीरजा असं नाव होतं.

"काका, तुम्हाला दोरीच्या मागे थांबावं लागेल हं."

"मी फक्त हिला नळी मोडून देणार. नेमाला हात नाही लावणार."

"काका, नाही चालत हो. लाइनवर फक्त स्पर्धक. स्वतःच लोड करायचं असतं." मग तिने कौशल्याबाईंचा खांदा पाहिला असावा. ती आवाज उतरवून म्हणाली, "काकू, क्लबची हवेच्या सिलिंडरवाली रायफल देऊ का? तिला जोर लागत नाही. स्पर्धेत धरता येणार नाही, पण निदान मारता तरी येईल."

"नको. मी आणलीये ती चांगली आहे," कौशल्याबाई म्हणाल्या. आणि नवऱ्याकडे वळून, "तुम्ही बसा जाऊन."

शिट्टी झाली. आजूबाजूला नळ्या मोडल्याचे आवाज आले. कौशल्याबाईंनी टेबलाशी ठेवलेल्या खुर्चीत बसून दस्ता मांडीवर टेकवला, डाव्या हातावर उजवा हात ठेवला आणि सगळ्या अंगाने खाली ओढलं. कळ मानेपर्यंत चढली, पण नळी मोडली. छर्रा घालून त्या उभ्या राहिल्या. श्वास जागेवर यायची वाट पाहिली. फट् आवाज झाला. नीरजाने दुर्बिणीतून पाहिलं आणि मान किंचित हलवली.

दुसऱ्यांदाही मोडली. तिसऱ्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदराने पुसलं, कारण माशी दिसेना.

दोरीमागे ज्ञानदेव बसले नव्हते. कौशल्याबाईंनी नळीला हात घातला, की त्यांच्याही हाताची मूठ वळायची, दंड ताणला जायचा आणि हात कमरेशी खाली यायचा. शेजारच्या खुर्चीतल्या बाई त्यांच्याकडे चमकून बघत होत्या. ज्ञानदेवांना पत्ता नव्हता.

चौथ्यानंतर डावा हात वर येईना. कौशल्याबाईंनी एकदा प्रयत्न केला, मग आणखी एकदा. हात लोंबता राहिला. नीरजा जवळ आली आणि खाली वाकून कुजबुजली, "काकू, थांबायचं का? कागद मी बघितलाय. चारही आतच आहेत, दोन तर अगदी मध्याला."

"हो का?" कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांनी एका हाताने रायफल टेबलावर ठेवली, तोंड लक्ष्याकडे, जशी ठेवायला शिकवली होती तशी.

"तुम्ही घरी जाऊ शकता. मी लिहून घेते."

"आत्ता उठले तर हिचा नेम हलेल." त्यांनी डोळ्यांनीच शेजारच्या टेबलाकडे खूण केली. तिथे एक जाड भिंगांच्या चष्म्याची बाई श्वास रोखून उभी होती.

कौशल्याबाई खुर्चीतच बसून राहिल्या. दुखरा हात मांडीवर घेतला आणि समोरच्या आपल्या कागदाकडे बघत राहिल्या. दोन्ही बाजूंनी नळ्या मोडत होत्या, छर्रे सुटत होते. बाकीच्यांचे छर्रे संपून शेवटची शिट्टी होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. दोरीमागे ज्ञानदेवांची खुर्ची रिकामीच होती; तेही तोवर उभेच होते.