भावोजींच्या पिवळ्या कॅप्सुल

कोलशेत रस्त्यावरच्या एका औषध कंपनीत कुंडलिक उंदरांचे पिंजरे धुवायचा. शिक्षण नववी, पण पांढरा कोट घालून डबा खायला बसला की आपण अर्धे डॉक्टर झालोय असं त्याला वाटायचं. १९९४ साली तिथे एक प्रयोग चालला होता. काही उंदरांना नुसतं निकोटिन टोचायचे, काहींना त्यासोबत ई जीवनसत्त्व द्यायचे. एक दिवस प्रयोग करणाऱ्या मॅडम कुणाला तरी सांगत होत्या, की जीवनसत्त्व दिलेल्या उंदरांच्या हृदयाला इजा बरीच कमी झालीय. कुंडलिकनं झाडू भिंतीला टेकवला आणि कान दिला.

त्याला गुणाजी आठवला, त्याच्या बहिणीचा, सगुणाताईचा नवरा. खाडीत जाळी टाकणारा, दिवसाला दोन बंडलं बिडी फुंकणारा. छातीत कळ आली तेव्हा डॉक्टरनं दम भरलेला, आणि नारळी पुनवेला गुणाजीनं बिडी खरोखर सोडली होती. सव्वा महिना झाला होता. चिडचिड करायचा, हात सारखा खिशाकडे जायचा, पण बिडी तोंडाला लावली नव्हती.

कुंडलिक मेडिकलमधून त्याच जीवनसत्त्वाच्या पिवळ्या कॅप्सुलची बाटली घेऊन गेला. "भावोजी, रोज एक घ्या. तंबाखूनं हृदयाचं जे वाटोळं होतं ना, ते ही अडवते. माझ्या डोळ्यांदेखत झालंय."

गुणाजीनं बाटली उजेडात धरली. "मग एखादी ओढली तर चालंल?"

नाही म्हणायला काय लागत होतं? पण सगुणा कौतुकानं भावाकडे बघत होती, शेजारचा दामाजीही येऊन बसला होता. कुंडलिक म्हणाला, "एखादीनं काय होतंय? आतून बंदोबस्त केलाय ना."

एखादीच्या चार झाल्या, चारांचं बंडल. गुणाजी सकाळी आधी कॅप्सुल गिळायचा, मग बिडी शिलगावायचा.

दिवाळीनंतर कुंडलिकनं मोठ्या ऐटीत हे मॅडमना सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला. "अरे, ते उंदीर होते. काही आठवड्यांचा प्रयोग. माणसाचं हृदय यानं वाचतं असं कुणी म्हटलंय? त्यांना आजच्या आज बिडी बंद करायला सांग."

त्या रविवारी तो ठरवून गेला. ओसरीवर दिवा गावाहून आलेले पाहुणे बसलेले. गुणाजीनं त्याला दंडाला धरून पुढे केलं. "हा आमचा घरचा डॉक्टर! याच्या जिवावर मी निर्धास्त हाय." कुंडलिक जवळा-भाकर खाऊन परत आला. पुढच्या रविवारी सांगू, असं मनाशी म्हणाला. पुढच्या रविवारी ताप आल्याचं निमित्त झालं. ताप काही फार नव्हता.

जानेवारीत होडी किनाऱ्याला लावताना गुणाजी चिखलात मटकन बसला, तो उठलाच नाही. इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

सगुणा आल्यागेल्याला सांगायची, "माझ्या भावानं लई केलं. त्याच्या औषधानं चार महिने तरी निघाले." असं म्हणाली की कुंडलिक उठून मागच्या दारी जायचा.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मात्र त्याला राहवेना. सगुणा अंगणात विकायची मासळी निवडत होती. त्यानं सगळं सांगून टाकलं. मॅडमचं बोलणं, ओसरीवरचे पाहुणे, ते तापाचं निमित्त. तिचे हात थांबले नाहीत.

"कवा सांगितलेलं मॅडमनं?"

"दिवाळी झाल्यावर."

"म्हंजे दोन महिने." तिनं एक मासा टोपलीत टाकला. "डॉक्टरचं ऐकायचा नाय, माझं ऐकायचा नाय. तुझं ऐकायचा रे तो."

टोपली उचलायला कुंडलिकनं हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "उद्या लवकर ये. पानं वाढायला माणूस लागंल."

तो आला, त्यानं पानं वाढली. पुढेही सणावाराला बोलावणं येतच राहिलं. पण साधं डोकं दुखलं तरी सगुणा दामाजीच्या सुनेला विचारायची. त्याला नाही.