वाजवायची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपडे ठेवायची नव्हे, वाजवायची. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्या घरात माझी उमर गेली तिथे हा फरक फारसा कुणाच्या ध्यानात नव्हता. माझ्या झाकणावर वर्तमानपत्रे साठत, इस्त्रीचे कपडे ठेवले जात, एकदा तर लोणच्याची बरणीही ठेवली होती. तिचा तेलकट गोल डाग अजून माझ्या अंगावर आहे.

माझा जन्म गिरगावातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. अंग सागवानाचे, सूर, म्हणजे आत वाजणाऱ्या पितळी जिभा, पालिताण्याचे आणि भात्याला मऊ कातडे. मला घडवणारे मिस्त्री मितभाषी होते. मी तयार झाले त्या दिवशी त्यांनी माझी एकेक पट्टी दाबून पाहिली. काळ्या पाहिल्या, पांढऱ्या पाहिल्या, आणि सगळ्या सारख्या बोलतात अशी खात्री झाल्यावरच मला दुकानात मांडले. माझी एकही पट्टी दुसरीहून उणी नव्हती, हे कृपा करून लक्षात ठेवा.

मला विकत घेतले नारायणरावांनी. ते अलिबागकडचे, सिल्वासाच्या सरकारी कचेरीत नोकरीला. साल असेल ब्याऐंशी. मला मांडीवर घेऊन ते वापीपर्यंत रेल्वेने आले आणि पुढे बसने. माणूस हौशी आहे, असे मला तेव्हा वाटले होते. हौशी होताच तो, पण हौस कसली होती हे कळायला मला वेळ लागला.

पहिले वर्षभर त्यांनी मला खरोखर वाजवले. लहानपणी गावातल्या भजनीबुवांकडून ते थोडे शिकले होते, तेही फक्त काळी एकमधून. आता काळी एक म्हणजे काय, ते सांगते. प्रत्येक गाणाऱ्याचा आपला एक 'सा' असतो. कुणाचा खालचा, कुणाचा वरचा. तो माझ्या ज्या पट्टीवर सापडतो, ती त्या गाणाऱ्याची पट्टी. पुरुषांना बहुधा काळी एक सोयीची पडते, बायकांना काळी चार किंवा काळी पाच. गाणाऱ्याची पट्टी बदलली की पेटीवाल्याच्या बोटांना नवी वाट शिकावी लागते. त्यासाठी रोज थोडा वेळ मांडी घालून बसावे लागते, आणि नारायणरावांचे सगळे घोडे नेमके तिथेच अडले.

लग्न होऊन नलिनीबाई घरात आल्या. त्या मराठी शाळेत शिक्षिका होत्या आणि त्यांचा आवाज फार गोड होता. माझ्यासारख्या तोंडाळ पेटीनेही हे कबूल करावे, म्हणजे विचार करा. पहिल्याच आठवड्यात त्या माझ्यापाशी बसल्या आणि म्हणाल्या, की माझी पट्टी काळी चार आहे, माहेरी बाबा तिथूनच तंबोरा लावायचे. नारायणरावांनी काळी चारवरून वाजवून पाहिले. बोटे अडखळली. पुन्हा पाहिले, पुन्हा अडखळली. मग त्यांनी भाता बंद केला आणि गंभीर चेहऱ्याने सांगितले,

"ही पेटी काळी एकची आहे. तुला खालून म्हणावं लागेल."

मित्रांनो, मी काळी एकची आहे म्हणे! त्या क्षणी मला तोंड असते तर मी या माणसाची बिनपाण्याने हजामत केली असती. पेटी कुठल्याच एका पट्टीची नसते. पण नलिनीबाईंना पेटीतले काही कळत नव्हते आणि नवऱ्याच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास होता. त्या काळी एकमध्ये गाऊ लागल्या. खाली गेल्या की आवाज घशातच राही, वर गेल्या की फाटे. दोन-तीन वर्षांत कॉलनीतल्या मराठी कुटुंबांमध्ये बोलले जाऊ लागले, की बाई शिकवतात छान, पण गाणे काही त्यांचे काम नाही. हे त्यांच्या कानावरही आले.

इकडे नारायणरावांना खरेदीचा नाद लागला. आधी टेपरेकॉर्डर आला, कारण आपले वाजवणे टेप करून ऐकल्याशिवाय सुधारणा होत नाही म्हणे. टेप करायला वाजवावे लागते, ही किरकोळ गोष्ट राहूनच गेली. मग तंबोऱ्याचा आवाज काढणारा विजेवरचा डबा आला. मग दमणच्या दुकानातून जपानी की-बोर्ड आला. त्यात आपोआप ढोल वाजायचा आणि नारायणराव समोर बसून मान डोलवायचे. प्रत्येक वस्तू आली की घरात पेढे वाटले जात आणि मी भिंतीकडे आणखी सरकवली जाई.

त्यांना जोडीदारही अगदी शोभेसा मिळाला. प्रभाकर नावाचे हे गृहस्थ जवळच्याच मसाट गावातल्या एका धाग्याच्या कारखान्यात सुपरवायझर होते आणि तबला वाजवीत. वाजवीत हा शब्द मी केवळ सभ्यता म्हणून वापरते. त्यांच्याकडे तबल्याच्या तीन जोड्या होत्या, पितळी डग्गा होता, तांब्याचा होता आणि निरनिराळ्या हातोड्या ठेवायला मखमली पिशवी होती. रविवारी सकाळी ते यायचे. तबला लावायला घ्यायचे. ठोकठोक चालायची, हवा फार दमट आहे म्हणून तक्रार व्हायची, चहा यायचा, पुन्हा ठोकठोक व्हायची. तबला लागेपर्यंत जेवायची वेळ झालेली असायची. मग दोघे जेवताना मुंबईत कुणाकडे कुठली पेटी आहे आणि कोणत्या दुकानात कसले कातडे मिळते यावर तावातावाने बोलायचे. या प्रकाराला ते बैठक म्हणत. अशा किती बैठका मी कोपऱ्यातून पाहिल्या. त्यांत एकही गाणे शेवटपर्यंत गेलेले मला आठवत नाही.

नलिनीबाई अधूनमधून विचारायच्या, की माझ्या पट्टीत कधी वाजवाल. उत्तर ठरलेले असे. स्केल चेंजर येऊ दे. स्केल चेंजर म्हणजे अशी पेटी, की तिची खुंटी फिरवली म्हणजे पट्ट्यांची अख्खी रांग डावीउजवीकडे सरकते. बोटे आपल्या जुन्याच जागी पडतात, सूर मात्र दुसऱ्या पट्टीचे निघतात. चांगल्या वाजवणाऱ्याला ही मोठी सोय आहे, हे मी नाकारत नाही. आळशी माणसाला तर ती वरदानच वाटते.

एक्याण्णव साली, गणपतीला दीड महिना असताना ती आली. अंगावर आरसा पाहावा असे पॉलिश, कोपऱ्यांना पितळ, आणि वजन असे की दोघांनी धरून उचलावी. त्याच दिवशी मला जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकले. वर टाकताना नारायणरावांनी माझ्यावर हात फिरवला आणि हिने फार साथ दिली, असे पाहुण्यांना सांगितले. कधी दिली, हे कुणी विचारले नाही.

त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत नलिनीबाईंचे गाणे ठेवले होते, त्यांच्या स्वतःच्या पट्टीत. बाईंनी महिनाभर आधीपासून तयारी केली. रोज शाळेतून आल्या की ओट्याशी उभ्या राहून एकच अभंग घोळवायच्या. माळ्यावरून मला सगळे ऐकू येई. लोकांनी आपल्याविषयी ठरवून टाकलेले पुसण्याची ती त्यांची एकच संधी होती. नारायणराव मात्र त्या महिन्यात स्केल चेंजरसाठी कव्हर शिवून घेत होते.

मांडवात काय झाले ते मला दुसऱ्या दिवशी ऐकून कळले. बायका घरी आल्या होत्या आणि हळू आवाजात बोलत होत्या. बाईंनी सुरुवात फार सुरेख केली. दुसऱ्या ओळीला नारायणरावांची बोटे चुकली, कारण ती चाल त्यांनी एकदाही बसवली नव्हती. चूक झाकायला त्यांनी हात वर केला आणि माइकमध्ये म्हणाले, "जरा थांब, पट्टी बदलतो." खुंटी फिरवली. बाईंनी पुन्हा सुरुवात केली. बोटे तिथेच चुकली. पुन्हा खुंटी फिरली. या खेळात बाईंचा 'सा' वर-खाली होत राहिला आणि शेवटी आवाज चिरकला. प्रभाकर तेवढ्यात हातोडी काढून तबला ठोकायला लागले होते. लोक हसले. नलिनीबाई नमस्कार करून खाली उतरल्या.

मांडवातून घरी आल्यावर नारायणरावांनी त्यांची समजूत काढली, की दोष माइकचा होता, आणि पुढच्या वर्षी आपण स्वतःचा चांगला माइक घेऊ. मी ही समजूत ऐकली तेव्हा माळ्यावर एकटी असूनही मला लाज वाटली.

त्यानंतर बाई गुणगुणायच्याही थांबल्या. ओट्याशी फक्त भांड्यांचा आवाज येऊ लागला. मला माळ्यावर पावसाळ्याची ओल लागली, उंदराने भात्याचा कोपरा कुरतडला, झुरळांनी आत घर केले. पण खरे सांगते, माझ्या दुःखापेक्षा ती खालची शांतता मला जास्त लागली.

ही शांतता मोडली तानूबाईंनी. तानूबाई धुळ्याकडच्या. त्यांचे यजमान मसाटला कारखान्यात, मुलगी रोहिणी नलिनीबाईंच्या वर्गात. मसाटच्या कामगार वस्तीतल्या बायकांनी भजनी मंडळ काढले होते आणि त्यांना पेटीची साथ हवी होती. तानूबाई दिवाळीच्या सुट्टीत घरी आल्या आणि साहेबांना विचारा म्हणाल्या. नलिनीबाई म्हणाल्या, की साहेबांना वेळ कुठे आहे, नवा माइक यायचा आहे. तानूबाईंनी खोलीभर मांडलेल्या वस्तूंवरून नजर फिरवली आणि आपल्या अहिराणीत सरळ म्हणाल्या,

"ताई, साहेबनी वाट कितला दिन दखशात? तुम्हीच वाजाडा ना पेटी."

तानूबाई गेल्यावर नलिनीबाईंनी स्टूल ओढले आणि मला खाली काढले. नारायणराव तेव्हा कचेरीत होते. बाईंनी मला कोरड्या फडक्याने पुसले, झुरळे झटकली, अडकलेल्या सुरांखालून कागदाची पट्टी फिरवून धूळ काढली, भात्याच्या भोकावर जुन्या पर्सचे कातडे चिकटवले. मग डोळे मिटून आपला 'सा' लावला आणि एकेका पट्टीवर बोट ठेवत तो शोधू लागल्या.

तो सापडला. जिथे असायचा तिथेच होता, काळी चारवर. बाई त्या पट्टीकडे पाहतच राहिल्या. ती त्यांच्या चांगलीच ओळखीची होती. काळी एकमधून वाजवताना नारायणराव जो 'प' दाबायचे, तो याच पट्टीवर होता. इतकी वर्षे, जेव्हा जेव्हा ते वाजवायला बसले तेव्हा, त्यांचे बोट बायकोच्या 'सा'वर पडत होते. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आले आणि मला वाटते त्यात राग जास्त होता.

मग त्या शिकू लागल्या. शाळेतून आल्यावर, चहाच्या आधी. सुरुवातीला फार वाईट वाजवीत, आणि मला ते फार आवडे. नारायणराव घरी असले तरी त्यांचे लक्ष नसे. एकदा त्यांनी सुचवले, की शिकायचेच तर आधी चांगले पुस्तक आणि बसायला चांगला चौरंग घ्यावा. बाईंनी मान हलवली आणि फाटक्या सतरंजीवर बसून वाजवत राहिल्या. एकादशीला मला रिक्षात घालून मसाटला नेत. तिथे तानूबाई ढोलकी धरत आणि बायका गात. कुणाचा सूर कुठेही गेला तरी कुणी थांबत नसे.

चौऱ्याण्णवच्या गणपतीत, त्याच मांडवात, मसाटच्या बायकांचे भजन ठेवले होते. पेटीवर नलिनीबाई, आणि पेटी म्हणजे मी. लोणच्याचा डाग लोकांच्या बाजूला होता. बाईंनी तोच अभंग घेतला. भाता हलला, काळी चार दाबली गेली आणि त्यांचा आवाज मोकळा बाहेर पडला. मला तो माळ्यावरून ठाऊक होता, लोकांना नव्हता. माझा एक सूर अजून फुसफुसतो, तो मधेच फुसफुसलाही. बाई थांबल्या नाहीत. अभंग संपला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. त्या तीन वर्षांपूर्वीही पुढच्याच रांगेत होत्या.

भजन संपताच नारायणराव लगबगीने वर आले. त्यांचा चेहरा खुलला होता. त्यांनी माझ्या अंगावर टिचकी मारली, आत डोकावून पाहिले आणि कौतुकाने विचारले,

"सूर नवे कुठून बसवून घेतलेस? मुंबईहून की थेट पालिताण्याहून?"

नलिनीबाईंनी भात्याची कडी लावली. मग शांतपणे म्हणाल्या,

"नवं काही नाही हो. तुमचा प तो माझा सा. पेटीत तो पहिल्यापासून होता."

नारायणरावांनी वाकून त्या पट्टीकडे पाहिले. मला वाटले, आता तरी उजेड पडेल. बाईंनी बाजूला पडलेली टाळांची जोडी त्यांच्यापुढे केली आणि म्हणाल्या, की आमची आरती बाकी आहे, बसायचे असेल तर हे घेऊन बसा. ते बसले, ठेका चुकवत का होईना पण शेवटपर्यंत बसले. मला क्षणभर त्यांच्याबद्दल बरेही वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभाकर आले तेव्हा दोघेजण चांगल्या धातूचे टाळ कुठे मिळतात याची चौकशी करत होते.

मित्रांनो, माझी तुम्हांला एकच विनंती आहे. तुमच्या घरात एखादी पेटी असेल, बासरी असेल, ढोलकी असेल, तर दुसरी आणण्याआधी तिला विचारा, की तू कधी वाजली होतीस. आम्हांला कव्हर नको, पॉलिश नको, पाहुण्यांसमोर कौतुक तर नकोच. तुम्ही वाईट वाजवलेत तरी आम्ही सहन करतो, पण न वाजवता जो आमच्याविषयी बोलतो त्याचा आम्हांला मनापासून तिटकारा आहे. आणि तुमच्या घरात कुणी आपल्या पट्टीत गायची वाट पाहत असेल, तर त्या माणसाला थांबवून ठेवू नका. ती स्केल चेंजर हल्ली माळ्यावर असते, शिवून घेतलेल्या कव्हरात. शाळा सुटली वाटते, नलिनीबाईंनी सतरंजी टाकली आहे.