पाच फुटांचा पलंग

मी एक जुना पलंग आहे. वय फारसं नाही. खोटं बोलून बोलून जुना झालो.

मित्रांनो, माझी लांबी पाच फूट. मला घडवणारे सुतारकाका मात्र ताडमाड, सहा फुटी. माप ऐकून ते चक्रावलेच. "साहेब, यावर माणूस कसा मावणार?"

"झोपायचंय कुणाला?" घरं विकणारा साहेब म्हणाला. "पलंग आखूड असला की खोली मोठी दिसते. करा मुकाट्यानं. तुमची खोली पाडली, तिच्या बदल्यात याच इमारतीत खोली मिळणार आहे ना?"

त्या आशेवर काकांनी माझ्या अंगावर रंधा फिरवला. इतक्या मायेनं घडवलेलं खोटं दुसरं नसेल.

मला नमुन्याच्या घरात मांडलं. तिथं सगळे माझेच भाऊबंद: पुठ्ठ्याचा टीव्ही, मेणाची सफरचंदं, आत पानंच नसलेली पुस्तकं. घर बघायला मंडळी येत, गादीवर दोन बोटं दाबत आणि म्हणत, "वा, काय ऐसपैस!" अक्कल घरी ठेवून आलेली शहाणी माणसं! एकानंही आडवं होऊन पाहिलं नाही. निम्म्यांना तर राहायचंच नव्हतं. दोन घरं होती, तिसरं भाव वाढेपर्यंत कुलपात ठेवायला हवं होतं. अशांना साहेब सरबत पाजायचा.

मला रोज पुसायच्या सुतारकाकू. दोघं नवराबायको आता कुंपणाबाहेर, प्लास्टिकच्या छपराखाली राहत. पुसता पुसता काकू गुणगुणायच्या,

दारामागं दार बाई, दारोदारी गं कुलूप
आत नांदतो वारा, दारी माणूस गुपचूप

एका दुपारी काका तापानं फणफणले. छपराखाली भट्टी पेटल्यासारखं ऊन. काकूंनी त्यांना धरून आणलं आणि माझ्यावर निजवलं. पोटऱ्यांपासून पाय बाहेर.

"भोगा आता आपल्या हातची करणी," काकू हसल्या. डोळे मात्र भरून आले होते.

माझ्या जन्मातली ती पहिली झोप. जेमतेम डोळा लागला, तोच साहेब किंचाळला, "उठा! चादर मळली!"

"मळायला आधी कुणीतरी झोपावं लागतं, साहेब," काका उठत म्हणाले. "आमच्या खोलीचं काय झालं?"

"कागद वर गेलाय."

कागद वर गेला, इमारत वर गेली, आणि हे दोघं खालीच राहिले. शेवटचं घर विकलं त्या दिवशी साहेबानं तोंड वेंगाडून सांगितलं, "यादीत तुमचं नावच नाही हो!" असल्या जिभेपेक्षा ढेकणांची जात बरी. ते निदान ज्याला चावतात त्याच्याच घरात राहतात.

नमुना मोडला. मी आणि दारावरची रंगीत फळी, दोघंही कचऱ्यात गेलो. फळीवर लिहिलं होतं, 'प्रत्येकाला हक्काचं घर'.

काकांनी आम्हा दोघांना छपराखाली ओढत आणलं. करवतीनं फळी कापली आणि माझ्या पायथ्याशी सव्वा फूट जोडली. अक्षरं वरच्या बाजूला राहिली.

"लिहिलेलं खाली तरी करा," काकू म्हणाल्या.

"राहू दे. निदान टाचा तरी पोचतील हक्कापर्यंत."

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी सांगणार नाही. माझी घेतली गेली आहे. तुम्ही कधी नमुन्याचं घर बघायला गेलात, तर चपला काढा आणि पलंगावर खुशाल आडवे व्हा. चादर मळू द्या. आणि पाय बाहेर आले, तर विचारा, इथं कुणाची खोली होती?