पिवळी वाइन आणि काळ्या मसाल्याचं चिकन

कुठलीही गोष्ट चाखून ठरवायची श्यामला सवय नव्हती. तो आधी इंटरनेटवर वाचून घेई आणि मग जिभेला कळवी. यावेळी मात्र क्रम चुकला.

शुक्रवारी टोकियोतल्या तोयोसुच्या ऑफिसात विभागप्रमुख ओकाबे-सानांनी त्याच्या आणि स्वानंदच्या हातात एकेक बुटकी बाटली ठेवली. मार्चअखेर दोघांचीही कंत्राटं संपत होती. फ्रान्समधल्या क्लायंटकडे जागा होती एकच.

"तिथे कामं जेवणाच्या टेबलावर ठरतात," ओकाबे-सान म्हणाले. "ही जुरा प्रांतातली पिवळी वाइन. सहा वर्षं पिंपात मुरते. कशाबरोबर चांगली लागली, सोमवारी सांगा."

ओजिमाच्या घरी श्यामने बूच काढलं. त्याच्या बायकोने, विभाने नाक मुरडलं. "ईऽऽ, खवट अक्रोड!" श्यामने एक घोट घेतला, दुसरा घ्यायचं धाडस झालं नाही आणि बाटली सिंकमध्ये रिकामी झाली. मग त्याने वाचलं. तर अक्रोडाचा वास हाच तिचा मोठेपणा! सोबत कोंते नावाचं चीज, नाहीतर क्रीम आणि मशरूम घालून शिजवलेली कोंबडी. श्यामने ते पाढ्यासारखं पाठ केलं.

शनिवारी स्वानंदचा फोन आला. "श्याम, तुझ्या वाइनला अक्रोडासारखा वास येतो का रे?"

"छे! माझी तर एकदम फुलांसारखी. तुझी बिघडलीय."

"बाप रे. मग साहेबांना काय सांगू?"

"खरं सांग. जपानी माणसाला खरेपणा फार आवडतो."

एवढ्याशा बोलण्यात इतकं खोटं बसलं, याचं श्यामलाच कौतुक वाटलं.

तीन वर्षांपूर्वी अकरा मार्चच्या भूकंपानंतर लिफ्ट बंद होती आणि दुकानांतलं पाणी संपलं होतं. तेव्हा हाच स्वानंद एदोगावाहून सायकल मारत आला होता आणि श्यामच्या दोन महिन्यांच्या निहारच्या दुधासाठी पाण्याच्या चार बाटल्या घेऊन नऊ मजले चढला होता. श्याम ते विसरला नव्हता. दर अकरा मार्चला तो स्वानंदला हात जोडल्याचं चित्र पाठवत असे.

सोमवारी श्यामने आधी एकट्याने आत जाऊन पाठ म्हटला. ओकाबे-सानांनी सुखाने डोळे मिटले. मग स्वानंद आत जाऊन कमरेत वाकला. "माफ करा, माझी बाटली बिघडलेली होती."

"असं का," ओकाबे-सान हसून म्हणाले. "विचार करतो." त्या ऑफिसात फाइल याच शब्दांनी बंद होई. गुरुवारी श्यामच्या नावाचं पत्र निघालं.

मार्चच्या शेवटी स्वानंद निरोप घ्यायला आला. त्याच्या आठ वर्षांच्या सुचेताचं नाव पुण्याच्या शाळेत घातलं होतं.

"मराठी येतं का तिला?" विभाने विचारलं.

"समजतं थोडं. पण सध्या रडते, तेसुद्धा जपानीत," स्वानंद म्हणाला आणि पिशवीतून एक डबा आणि तीच बुटकी बाटली काढली. बाटली पाऊण भरलेली होती. "तुझ्या कादंबरीवहिनीने काळ्या मसाल्याचं चिकन दिलंय. त्या दिवशी आम्ही ही यासोबतच घेतली होती. काय लागली रे! पण तू म्हणालास बिघडलीय. मला काय कळतं त्यातलं? साहेबांनी दिलेली, ओतून टाकवेना. तू एकदा बघ."

श्यामने बाटली उजेडात धरली. हुंगली.

"वासावरूनच कळतंय," तो म्हणाला. "पार गेलेली आहे."

स्वानंदचा चेहरा उजळला. "म्हणजे मी साहेबांना खरं तेच सांगितलं. सुटलो! महिनाभर जिवाला खात होतं, की उगाच एका चांगल्या वाइनला नावं ठेवली."

तो गेल्यावर श्यामने डबा उघडला आणि पेला भरला. मसाल्याचा जाळ, त्यावर तो अक्रोड. दोघं जणू एकमेकांसाठीच जन्मली होती. त्याने बाटली संपवली.

"बिघडलेली होती ना?" विभाने विचारलं.

"हो," श्याम म्हणाला आणि डब्याला लागलेला रस्सा पावाने पुसून घेतला.

दुसऱ्या दिवशी काचेचा कचरा टाकायचा वार होता. त्याने बाटली तीनदा विसळली. बूच जळणाऱ्या कचऱ्यात, बाटली काचेच्या पेटीत. त्या बाबतीत श्याम फार सचोटीचा होता.