कुरण की अरण्य

रतनबाई भालेराव पेटीतून बायबल काढायला गेल्या आणि हातात नुसता पुठ्ठा आला. आतली पानं वाळवीनं फस्त केली होती. वडिलांनी लग्नात दिलेलं पुस्तक! रतनबाई आधी रडकुंडीला आल्या आणि मग त्यांना हसू फुटलं.

"मी वाचलं त्यापेक्षा वाळवीनंच जास्त वाचलं," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

ते अगदीच खोटं नव्हतं. भोरच्या दवाखान्यात त्या बाळंतपणं करायच्या. वेळी-अवेळी बोलावणं यायचं. पुस्तक उघडायचं ते रविवारी, आणि उघडलं तरी त्यातलं जुनं, संस्कृताळलेलं मराठी निम्मं डोक्यावरून जायचं. लहानपणापासून कानावर पडलेलं म्हणून तोंडात बसलं होतं, इतकंच. आता नवं घ्यायचंच आहे तर आपल्याला कळेल असं घ्यावं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

बाजारच्या दिवशी सावळाराम आला. तो गावोगाव हिंडून धर्मपुस्तकं विकायचा. ओट्यावर बसून त्यानं पिशवीतून दोन बायबलं काढली.

"सलाम, बाई. हे तुमच्या वडिलांच्या वेळचं भाषांतर. आणि हे नवं, सोप्या मराठीतलं."

"यातलं चांगलं कुठलं?"

"मी विकणारा माणूस. माझ्या तोंडून दोन्ही चांगलीच," सावळाराम हसला. "असं करा, दोन्ही ठेवा, वाचून बघा. पुढच्या खेपेला नको असेल ते परत द्या."

नवं पुस्तक रतनबाईंनी ताकासारखं घटाघटा वाचलं. कुठं अडायला झालं नाही. पण वाचून झाल्यावर जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. त्यांचे यजमान मधूमास्तर शाळेत शिकवायचे. ते जुन्याच्या बाजूचे.

"शास्त्र कसं, शास्त्रासारखं वाटलं पाहिजे. हे म्हणजे शेजारीण बोलल्यासारखं."

"शेजारणीचं बोलणं निदान कळतं तरी," रतनबाई म्हणाल्या.

निकाल काही लागेना. तेवढ्यात वेल्ह्याकडच्या एका वाडीतून बोलावणं आलं. ठकुबाईच्या सुनेचे दिवस भरले होते आणि पहिल्या खेपेला मूल दगावलं होतं, म्हणून ठकुबाईनं मुद्दाम बैलगाडी धाडली होती. रतनबाईंनी सामानाच्या पिशवीत दोन्ही पुस्तकं टाकली.

सुनेला तपासलं. सगळं ठीक होतं, पण अजून अवकाश होता. दुपारी अंगणात उन्हाला बसून रतनबाई वाचू लागल्या. समोर ठकुबाई नाचणी पाखडत होती.

"नर्सबाई, मनात काय वाचताय? आमाला बी ऐकू द्या की."

रतनबाईंनी हरवलेल्या मेंढराची गोष्ट काढली आणि आधी जुन्या पुस्तकातून वाचली. ठकुबाईनं मान डोलावली. "ग्वाड वाटतंय ऐकाया," ती म्हणाली आणि पाखडत राहिली.

मग रतनबाईंनी तीच गोष्ट नव्यातून वाचली. कुणा एकाची शंभर मेंढरं होती. त्यातलं एक चुकलं. बाकीची नव्याण्णव कुरणात सोडून तो त्या एकाला हुडकायला गेला.

ठकुबाईचा हात थांबला. "शेरडं राखण्यात जल्म गेला माजा, म्हून इचारते. मागं कोन व्हतं राखायला?"

"ते काही लिहिलेलं नाही."

"आसंल त्याचा भाऊबंद. कुरन म्हंजी गवताची राखलेली जागा. तितं वाघराचं भ्या न्हाई. त्यात काय मोटं केलं त्यानं?"

रतनबाई गडबडल्या. ही गोष्ट त्यांनी जन्मभर ऐकली होती, पण असा प्रश्न कधी मनात आला नव्हता. त्यांनी जुनं पुस्तक पुन्हा उघडलं. तिथं कुरण नव्हतंच. तिथं होतं अरण्य.

"ठकुबाई, यात म्हटलंय, अरण्यात सोडून गेला."

"अरन्यात?" ठकुबाईनं सूप खाली ठेवलं. "नव्यान्नव जितराब रानात उगड्यावर टाकून? ह्यो बाबा येडा तरी आसंल, न्हाईतर त्या एकावर त्याचा लई जीव आसंल!"

रतनबाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. वडिलांच्या तोंडून शंभरदा ऐकलेला शब्द त्यांना आज पहिल्यांदा ऐकू आला. आणि गंमत अशी, की नव्या पुस्तकानं गोष्ट उलगडली नसती तर तो आजही कानावरूनच गेला असता.

आतून सुनेची हाक आली. पुस्तकं तशीच टाकून दोघी धावल्या. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली, खणखणीत आवाजाची. ठकुबाईनं सगळ्या वाडीला गूळ वाटला.

सावळाराम परत आला तेव्हा रतनबाईंनी त्याला एवढंच विचारलं, "मूळ भाषेत काय आहे? कुरण की अरण्य?"

त्याला सांगता येईना. पण माणूस सचोटीचा. पुण्याला जाऊन त्यानं ग्रीक शिकलेल्या पाद्रीसाहेबांना गाठलं आणि उत्तर घेऊनच आला.

"मुळात ओसाड रान आहे, बाई. तिथं जुनं बरोबर. पण साहेब म्हणाले, काही ठिकाणी जुन्यातच चूक होती, ती नव्यानं सुधारलीय. मग, कुठलं परत देताय?"

"एकही नाही."

मधूमास्तरांनी कपाळाला हात लावला. "एका घरात दोन-दोन? अगं, रोज वाचणार तरी कुठलं?"

"रोज नवंच. पण कुठं फारच सोपं वाटलं, की जुनं काढून बघायचं," रतनबाई म्हणाल्या आणि फळीवर, वाळवी चढणार नाही अशा उंचीवर, दोन्हींना जागा केली.

पुढं बाळाला बघायला त्या वाडीवर गेल्या. ठकुबाईनं नात त्यांच्या मांडीवर दिली, चहाला आधण ठेवलं आणि समोर येऊन बसली.

"त्या मेंढरवाल्याचं खरं काय निगालं वो?"

"ओसाड रान."

"म्या म्हनलं न्हवतं?" ठकुबाई खुशीत येऊन म्हणाली. तसं तिनं म्हटलं नव्हतं, पण रतनबाईंनी ते तिला खुशाल बहाल केलं.

"आता दुसरी काडा येकादी गोष्ट," ठकुबाई सरसावून बसली. "पर दोनी बुकांतनं वाचा हां. येकाचं ऐकून आमी न्हाई इस्वास ठेवायचो."