उकंडाचा डावा हात

जीवन राठोडने उकंडाचा डावा हात माझ्याच फोटो स्टुडिओच्या पायरीवर दाबून धरला आणि वरून लोखंडी सळई हाणली. हाड मोडल्याचा आवाज मी काउंटरमागे बसून ऐकला. बसून म्हणजे लपून. खोटं कशाला बोलू?

"म्या नाई मारलं रे तुह्या बापाले," सत्तरीचा उकंडा खाली पडून सांगत होता. "त्या दिवशी मी बजारातच नव्हतो."

"आख्ख्या तांड्यात डावखोरा तू एकटाच. मंग हा कोन होय?" जीवनने शर्टातून मी काढलेला प्रिंट बाहेर ओढला, त्याच्या तोंडासमोर धरला आणि पुन्हा हाणलं. या वेळी बोटांवर. मग पुन्हा बोटांवर. वणीच्या बाजाराचा दिवस, शंभर माणसं उभी होती, पण एकाही बहाद्दराने सळई धरली नाही. त्या शंभरात मीही आलो. पोलीस आले तेव्हा जीवन दमून भिंतीला टेकला होता आणि पायरीवर रक्ताचं थारोळं झालं होतं.

ही आग मीच लावली होती, चार दिवसांआधी.

जीवन मुकुटबनकडच्या तांड्यावरचा. तो दोन वर्षांचा असताना, १९८६ साली, भर बाजारात त्याच्या बापाच्या, खेमसिंगच्या, डोक्यात कोणी तरी कुऱ्हाड घातली. तांड्यावरचाच कोणी तरी, एवढंच सगळे म्हणत; नाव कुणीच सांगितलं नाही. राजूरच्या खाणीवर तेव्हा एक डॉक्टर होते, त्यांना स्लाइडवर फोटो काढायचा नाद. ते वारल्यावर त्यांच्या मुलीला डब्यात त्या खुनाची स्लाइड सापडली. खेमसिंग समोरून, चेहरा स्पष्ट. मारणारा पाठमोरा, कुऱ्हाड उगारलेली. विचारत विचारत तिने ती जीवनपर्यंत पोचवली. डॉक्टर जन्मभर गप्प राहिले. भ्याले असतील. त्यांना नावं ठेवायला माझं तोंड कुठे आहे?

"याचा मोठा फोटू काढाले नागपूरवाला लय पैसे सांगून राह्यला, चारुभाऊ," जीवन म्हणाला होता. "तुमच्याच्यानं होते का?"

का नाही होणार? सव्वीस वर्षं या धंद्यात आहे. चौथ्या हिश्शात त्याच्याहून झ्याक काढून देतो म्हटलं. माझा स्कॅनर जुना, पण त्याच्या झाकणातही दिवा आहे, स्लाइडमधून उजेड आरपार जातो. पुठ्ठ्याच्या चौकटीत फिल्म काचेपासून उंच राहते आणि फोटो भुरकट येतो. म्हणून मी चौकट फाडली, बुरशी पुसली, फिल्म सरळ काचेवर चिकटवली आणि बारा बाय अठराचा प्रिंट काढला. कुऱ्हाडीच्या पात्यावरचं ऊनसुद्धा दिसत होतं. तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर? पण शहाणपणा मिरवायची खोड. मीच बोट ठेवून म्हटलं, "पाह्य, डाव्या हातानं मारून राह्यला."

जीवनने प्रिंटची घडी घालून शर्टात कोंबली. मग म्हणाला, "याडीले दाखवत नाही. तिच्यानं पाहवनार नाही." याडी म्हणजे त्याची आई, सुखीबाई. तिच्याकडे नवऱ्याचा एकही फोटो नव्हता.

मारहाणीनंतर पोलिसांनी आणखी स्पष्ट प्रत मागितली. मी फिल्म पुन्हा स्कॅन केली, या वेळी काळोखे भाग उजळून. खेमसिंगच्या मागे चहाच्या हॉटेलची पाटी उमटली. अक्षरं उलटी होती, आरशात दिसतात तशी.

फिल्मची चकचकीत बाजू कुठली आणि मंद बाजू कुठली, हे बघणं म्हणजे या धंद्याचा पहिला धडा. चौकट फाडली तेव्हा मी ते बघितलंच नव्हतं; फिल्म पालथी चिकटली आणि डावं-उजवं बदललं. मारणारा उजव्या हाताचा होता. म्हणजे एक उकंडा सोडून तांड्यावरचा कोणीही.

ठाण्यात कोठडीपाशी जाऊन जीवनला सांगितलं. "काय म्हनता?" त्याने दोनदा विचारलं आणि मग तो स्वतःचं कपाळ गजांवर आपटायला लागला. दोन शिपायांनी धरेपर्यंत रक्त डोळ्यांत उतरलं होतं.

"तुमच्यापावत हात पोचत नाही ना," तो मला म्हणाला, "म्हनून."

फिल्म सुलटी करून नवा प्रिंट काढला आणि पाकिटात घालून सरकारी दवाखान्यात गेलो. उकंडाची तीन बोटं कापावी लागली होती, बाकीचा हात प्लास्टरमध्ये. उजव्या हाताने त्याला घास उचलता येत नव्हता, जन्मात कधी उचललाच नव्हता. खाटेशेजारी सुखीबाई बसली होती. भाकर वरणात कुस्करून ती त्याला भरवत होती. तिच्याकडे न बघता तो तोंड उघडत होता.

मी सगळं कबूल केलं.

"मी सांगतच होतो," उकंडा म्हणाला.

मी पाकिटातून प्रिंट काढून सुखीबाईसमोर धरला. अडतीस वर्षांनी तिला नवऱ्याचा चेहरा दिसत होता. ती बघत राहिली. मग उकंडाने तोंड उघडलं.

"हात खरकटे हायेत, बाबू," ती मला म्हणाली. "ठेवा तिकडं." आणि तिने पुढचा घास केला.