चिमटीतला थेंब

फ्रिजच्या दारात तीन बाटल्या होत्या. नारिंगी पेयाची एक, अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली. काळ्या पेयाची एक, न उघडलेली. आणि लिंबाच्या चवीच्या ग्लुकोज पेयाची एक. उघडलेल्या दोन्ही बाटल्यांवर काळ्या मार्करने पातळीची रेघ मारलेली होती. वरच्या कप्प्यात जॅमची बरणी, झाकणावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर थोरलीची सही. साखरेचा डबा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली थोरलीच्या गळ्यातल्या साखळीत. ओट्यावर उघडी होती ती फक्त बिनसाखरेच्या गोड गोळ्यांची डबी. तिच्यात एकोणीस गोळ्या होत्या. त्याही मोजलेल्या.

थोरली शाळेत शिकवायची आणि कॉपी पकडण्यात तिचा हात कोणी धरत नसे. बाबांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेल्या वर्षी साखरेने खाल्ली, तेव्हापासून तिने घरातही पर्यवेक्षण सुरू केलं. रोज जेवणाआधी ती बाबांच्या बोटाला सुई टोचायची आणि मीटरवरचा आकडा मोठ्याने वाचायची. तिचा नवरा, म्हणजे बाबांचा जावई, याला ‘सुनावणी’ म्हणायचा. आकडा दोनशेच्या वर गेला की शिक्षा: टीव्ही बंद, नाहीतर धाकट्या मुलीशी फोनवर बोलणं बंद.

“आठच राहिलीत, सासरेबुवा,” जावई बाबांच्या पायाकडे बघून म्हणायचा. “जपून खर्च करा.”

आज धाकटी दुपारी येणार होती. आठवडाभर आकडा दोनशेच्या आत राहिला तर बाबांनी तिच्याकडे महिनाभर राहायला जायचं, असं ठरलं होतं. थोरलीने ते जाहीर केलं होतं, कारण तसं होणार नाही याची तिला खात्री होती. पण आकडा आतच राहिला होता. आता फक्त आजची सुनावणी उरली होती. बाबांनी सकाळीच पिशवी भरून खुर्चीशेजारी ठेवली होती.

थोरली आंघोळीला गेली तसा जावई ग्लुकोजची बाटली घेऊन बाबांसमोर बसला. त्याचं टायरचं दुकान उशिरा उघडायचं. त्याचं पोट पुढे आल्यामुळे थोरलीने त्यालाही गोड बंद केलं होतं. त्याने पेला भरला, अर्धा एका दमात रिकामा केला आणि बाबांपुढे धरला.

“घ्या.”

“नको हो जावईबापू, आज नको. आज धाकटी येतेय.”

“प्या कोण म्हणतंय? तुमची ती कारखान्यातली जादू दाखवा. किती गोड आहे सांगा, मी लेबल बघतो.”

बाबांनी तीस वर्षं शीतपेयांच्या कारखान्यात, सिरपच्या खोलीत काढली होती. माणसाच्या दुप्पट उंचीच्या स्टीलच्या टाक्या, छतापर्यंत वाफ, पाऊल उचललं की चर्र आवाज करत सुटणारी चिकट फरशी. साखरेचं प्रमाण मोजायचं यंत्र वरच्या मजल्यावर होतं. तिथून आकडा येईपर्यंत खालची माणसं एक थेंब अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत घ्यायची, घासायची, चिमूट उघडायची, मिटायची आणि टक्के सांगायची. चाखायचं कोणी नाही. दहाव्या टाकीनंतर जीभ खोटं बोलते, बोट बोलत नाही, असं बाबा नव्या माणसांना सांगायचे.

त्यांनी उजव्या हाताची तर्जनी पेल्यात बुडवली. डोळे मिटून थेंब चिमटीत घोळवला. बराच वेळ. एवढंच गोड त्यांच्या वाट्याला उरलं होतं.

“तेरा. तेराच्या किंचित वर.”

जावयाने लेबल वाचलं. “तेरा पूर्णांक चार! सासरेबुवा, तुम्ही माणूस आहात की मशीन?”

बाबा हसले. बोट तोंडाकडे नेलं नाही. हात पालथा करून गुडघ्यावर ठेवला आणि थोड्या वेळाने धोतराला पुसला. पेय तोवर कातडीवर सुकलं होतं.

थोरली मीटर घेऊन आली. “उजवा हात.”

स्पिरिट संपलं होतं. तिने कोरड्या कापसाने तर्जनी पुसली, सुई टोचली, बोट दाबलं. मोहरीपेक्षा लहान थेंब आला. तेवढ्या रक्तात मुळात साखर असते ती मिठाच्या कणापेक्षाही कमी.

“चारशे अठरा,” थोरली म्हणाली.

बाबा मीटरकडे बघत राहिले.

“काय प्यायलात?”

“काही नाही गं.”

तिने फ्रिज उघडला. ग्लुकोज पेय रेघेच्या चार बोटं खाली होतं. तिने बाटली बाबांसमोर टेबलावर आपटली.

“जावईबापूंना विचार,” बाबा म्हणाले.

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात वर केले. “मी? मी तर ट्यूबसारखा कोरडा. सासरेबुवा, जावयावर ढकलता होय?” त्याने बाबांना डोळा मारला. संध्याकाळी सांगू की, तोवर होऊ दे गंमत, असा काहीसा त्याचा विचार होता. मग दुकानाची किल्ली उचलून तो निघून गेला.

“मी फक्त बोटाने बघितलं,” बाबा म्हणाले. “कारखान्यात बघायचो तसं.”

“बोटाने बघितलं. आणि मग ते बोट कुठे गेलं? तोंडात.”

“नाही. देवाशपथ.”

“देवाला नका मध्ये आणू. मीटर आहे ना.”

फ्रिजच्या दारावर डॉक्टरांनी दिलेला तक्ता चिकटवला होता: कितीच्या वर किती इन्सुलिन. पहिली ओळ सत्तरच्या खालची होती: ‘इन्सुलिन नको, ताबडतोब साखर द्या’. चारशेच्या वरची शेवटची. थोरलीने चौदा युनिट भरलं, बाबांचा सदरा वर केला आणि पोटात टोचलं. तक्त्याखाली ‘इंजेक्शननंतर लगेच जेवण’ असं छापलं होतं.

“जेवण तर तुम्ही प्यायलाच आहात,” ती म्हणाली आणि ताट परत स्वयंपाकघरात नेलं.

मग तिने धाकटीला फोन लावला. “येऊ नकोस. चारशे अठरा. हो, चोरून. मला माहीत होतंच. …ये बाई, यायचं तर ये, पण ते येणार नाहीत.”

बाबांनी पिशवी मांडीवर घेतली आणि उजव्या हाताने तिचे बंद धरले.

थोरली टेबलाशी उत्तरपत्रिका तपासत बसली. बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, “पोरी, थोडं गोड दे.”

तिने पेन खाली ठेवलं. “आलं का तोंडातून? सकाळी पोट भरलं नाही?”

“हात थरथरतायत गं.”

“लाज वाटली की थरथरतात. आमच्या वर्गातल्या पोरांचेसुद्धा थरथरतात.”

बाबा उठले. भिंतीला धरत कपाटापर्यंत गेले आणि कुलूप ओढू लागले. कडी खडखड वाजत राहिली. थोरलीने त्यांना दंडाला धरून खुर्चीत आणून बसवलं. सदरा पाठीला चिकटला होता.

“झडप बंद कर,” बाबा तिला म्हणाले. “टाकी उतू चाललीय. वरच्यांना सांग, झडप बंद कर.”

“आता हे नाटक,” थोरली म्हणाली. “धाकटीकडे जायचंय म्हणून काय काय सुचेल.”

त्यांनी आणखी एकदा झडपेचं नाव काढलं. मग मान छातीवर पडली. झोपले एकदाचे, असं म्हणून तिने पुढची उत्तरपत्रिका ओढली.

धाकटी आली ती चपला न काढताच आत आली.

“बाबा? ताई, हे घामाने निथळतायत.”

“चारशे अठरा आहे. घाम येणारच.”

“त्यात असा घाम येत नाही गं! गार पडलेत. बाबा, अहो बाबा! जेवले का हे?”

“नाही. इन्सुलिन दिलंय.”

“न जेवता?”

“बाटली प्यायलेत ते! मी रेघ मारली होती, मला शिकवू नकोस.”

धाकटी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली. उजव्या हाताची मूठ पिशवीच्या बंदांवर इतकी घट्ट होती की तिला ती सोडवता येईना. तिने डावा हात घेतला, ओल्या फडक्याने पुसला, पदराने कोरडा केला. “मीटर दे.”

“आत्ताच तर बघितलंय मी.”

“ताई, मीटर दे. आणि ती किल्ली काढ गळ्यातली.”

थोरलीने मीटर दिलं. साखळी केसांत अडकली होती, ती सोडवत राहिली. धाकटीने सुई टोचली. बाबांनी हात मागे घेतला नाही. थेंब पट्टीला लागला, मीटरने उलटे आकडे मोजले आणि बीप वाजला.

डावा हात, अनामिका: २६.